डबीतले दोन पापुद्रे

डबीचं झाकण आट्यांवर बसेना. दोनदा उलटं फिरवलं, तिसऱ्यांदा बसलं, आणि तेवढा वेळ शेजारीणबाई फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या: लगेच या, त्या उठत नाहीयेत. डबीत मिठाच्या पाण्यात दोन पापुद्रे उरले होते. लाल कांद्याच्या पाकळीवरून सोललेले, नखाएवढे, जांभळे; सकाळी बायकोने सोलून दिलेल्या विसांतले. त्याने डबी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि मग निघाला. घरी पोचला तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. किल्ली कशाला अडकवत बसलो मी...

त्या गोष्टीला तीन आठवडे झाले. आज अकराला प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, बारा पापुद्रे हवेत. आणि पापुद्रा त्याच्या हाताला साधत नव्हता. चिमट्याने ओढला की फाटायचा, ब्लेडने खरवडला की खालचा गर घेऊन यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चिखल. बायको कांदा कापायची नाही, मोडायची. मोडताना कुठेतरी कड सुटायची, ती धरून अलगद ओढायची. "बावीस वर्षं कांद्यावर पगार घेताय," ती म्हणायची, "आणि सोलायला मी." तो म्हणायचा, तू आहेस ना. हे काय उत्तर झालं?

एकदा तिला इथे आणून दाखवलंही होतं. मिठाने पाणी ओढून घेतलं की पेशीची भिंत जागच्या जागी राहते, आतलं तेवढं आक्रसून मधोमध गोळा होतं. मग मरते का, तिने विचारलं होतं. नाही, वरून साधं पाणी सोडलं की पुन्हा फुगते, भिंतीला जाऊन टेकते. आत एक पातळ पडदा असतो, तो पाण्याला वाट देतो, पण आतला रंग बाहेर सोडत नाही... जिवंत असेपर्यंत. तिने भिंगावरचा डोळा न काढता म्हटलं होतं, "म्हणजे माझ्यासारखाच की. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, ते बघणारा."

आता घरात कोणीही शिरतं. थोरल्या वहिनींनी स्वयंपाकघरातले डबे उलटेपालटे लावले, मेहुणी कपड्यांचं कपाट उघडून बसली, आणि तो खुर्चीत, मधोमध, हो हो म्हणत...

सव्वादहाला वनस्पतीशास्त्राचे सर डोकावले. मुलासारखेच, वयाने त्याच्या निम्मे. ट्रेमधले लगदे बघून त्यांना हसू आवरेना. मग कपाटातली डबी त्यांनीच काढली, उजेडात धरली. "काका, हे दोन झकास निघालेत. हेच लावू या."

"ते द्यायचे नाहीत."

"अहो, पण वेळ—"

"नाहीत म्हटलं ना."

आवाज चढला होता. सरांनी डबी जपून टेबलावर ठेवली आणि निघून गेले. आता त्यांच्याशी वाईट वागल्याचंही डोक्यात राहणार.

डबीतलं पाणी किंचित गुलाबी झालं होतं. पापुद्रे पांढरट. रंग बाहेर आला म्हणजे पडदा गेला, हे तो बावीस वर्षं मुलांना सांगत आला होता. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी त्याने एक काचेवर घेतला, कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. भिंती विटांसारख्या नीट, ओळीने. आत काही नाही. ड्रॉपर हाताशी होता, साध्या पाण्याने भरलेला. त्याने तो उचलला आणि परत ठेवला.

हा राग कधीपासूनचा तिच्यावरच होता, हे त्याला आत्ता कळलं: कड कुठे सुटते ते एकदा हात धरून दाखवायला काय झालं होतं? दाखवलं असतं तिने. मी विचारलंच नाही कधी.

त्याने दुसरा कांदा घेतला, न कापता मोडला. कड सुटली नाही. अकराला त्याने आपले अकरा लगदे मांडले. बारावी जागा रिकामी. कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. त्याखालच्या पापुद्र्यावर पाण्याचा थेंब सोडायचा राहिला आहे.