हिरवळीवरची गाडी, पाण्याच्या रांगेत

मला पाहून तुम्हीही विचाराल, ही कसली गाडी? विचारा. उदगीरला आल्यापासून मी तेच ऐकतेय. मी गोल्फच्या काठ्या वाहणारी ढकलगाडी आहे. तीन चाकं, घडी होणारा हलका सांगाडा, एक मूठ आणि पायाने दाबायचा ब्रेक. काठ्यांची एक पिशवी घ्यायची आणि हिरवळीवरून सावकाश चालायचं, एवढ्यासाठीच मला बनवलं. पाण्याच्या ओझ्यासाठी नाही. म्हणून टँकरचा भोंगा मला नकोसा वाटतो.

माझे पहिले मालक हैदराबादेतले एक मराठी गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी त्यांना खांद्यावर पिशवी घ्यायला मनाई केली होती. दुकानात मोटारीवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. त्यांच्या किमती ऐकून ते हसले आणि पत्नीला म्हणाले, "ढकलायचीच बघू. पाय अजून शाबूत आहेत." मग ढकलायच्या गाड्या एकेक करून चालवून पाहिल्या, घडी घालून पाहिली, ब्रेक दाबून पाहिला. मी सगळ्यांत साधी होते, पण सरळ चालत होते. मला घेतलं.

काही वर्षांनी ते गेले. त्यानंतर बाईंनी मला जागेवरून हलवलं नाही. कुणी पाहुणा "ही अडगळ कशाला?" म्हणाला, तर त्या विषय बदलायच्या. पुढे मुलाकडे राहायला जाताना त्यांनी मला भंगारवाल्याला दिलं. देताना माझी मूठ मात्र पदराने पुसून दिली.

भंगाराच्या ट्रकमधून मी उदगीरला आले. साल दोन हजार सोळा. लातूरला रेल्वेने पाणी आणत होते आणि उदगीरला टँकर आठवड्याने यायचा.

"हे काय हाय?" दुकानात आलेल्या साहेबरावने विचारलं.

"इमानतळावरची गाडी हाय. सामानाची," दुकानदार बिनधास्त म्हणाला.

साहेबराव डाळमिलवर कामाला होता. सोबत त्याची आई, चतुराबाई. दोघांना पाणी आणायला गाडी हवी होती. हातगाडी परवडत नव्हती. बांधकामावरची एकचाकी गाडी पंचशीलाला पेलली नसती. पंचशीला म्हणजे साहेबरावची बायको. कोपऱ्यात एक जुनी बाबागाडी होती, माझ्यापेक्षा मजबूत आणि स्वस्तही.

"आई, ही घेऊ. दोन घागरी बसतेत."

"लेकरू यायच्या आधी बाबागाडी घरात आणायची न्हाई."

"आपण असलं मानतो का? विहारात तूच भाषण ठोकतीस की!"

"मी कुठं मानते? पर आणायची न्हाई."

अशी माझी निवड झाली.

पंचशीलाला सातवा महिना होता. मागच्या उन्हाळ्यात डोक्यावर घागर असतानाच तिला कळ आली होती, आणि ते बाळ राहिलं नाही. त्या घरात याबद्दल कुणी बोलत नसे. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन उचलायचं नाही. टँकर यायचा तेव्हा साहेबराव मिलवर असायचा आणि चतुराबाईंचे गुडघे गेलेले. साहेबरावने माझ्यावर तारेने फळी बांधली, वर दोन घागरी ठेवून पाहिल्या आणि खुशीत म्हणाला, "आता उचलायची कटकट मिटली."

माझा चाकांमधला आस त्या ओझ्याने कुरकुरला. पण त्याहून मोठा धोका मला पहिल्याच फेरीत कळला. पंचशीला रांगेत पोचली, तिने खाली ठेवलेली घागर टँकरच्या पाईपाखाली भरली, वाकली आणि उचलून फळीवर ठेवली. मग दुसरी. घरी पोचल्यावर दोन्ही उचलून उतरवल्या. रस्त्यातलं ओझं मी घेतलं होतं. उचलणं तिचं तिलाच राहिलं होतं. आणि घरात सगळे निर्धास्त. गाडी आहे ना! मला हे ओरडून सांगावंसं वाटे. गाडीला ओरडता येत नाही.

तिसऱ्या खेपेला घागर ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. मागे बसम्मा होती. तिच्याच गल्लीतली, पण जिभेने सगळ्या रांगेला पुरून उरणारी.

"काय गं पंचे, इमानतळाची गाडी घेऊन इमान चुकलं का?" ती आधी हसली. मग तिने नीट पाहिलं. "यव्वा! उचलून ठिवतीस? काय करतीस येडे? मग गाडी काय पूजेला आणली?"

"न्हाई तर कशी भरू, मावशी?"

"घागर वरच राहू दे रिकामी. पाईप तिच्याकडं आणायचा." बसम्मा पाईपवाल्याकडे वळली. "ए व्यंकटी, इकडं आण!"

"लाईन मोडू नको, मावशी. जरा धीर धर की. उदगीर जिल्हा झाला की घरोघर नळ हाईत."

"जिल्हा व्हईल तवा व्हईल. आधी पाईप दे!"

रांग हसली. कुणीतरी पुटपुटलं, पण पाईप आला. त्या दिवसापासून फळीवरची घागर फळीवरच भरू लागली. बसम्माने ही गोष्ट चतुराबाईंच्या कानावर घातली, अर्थात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.  मग घरी माझ्याजवळ बसून तांब्यातांब्याने पाणी काढून चतुराबाई रांजणात भरू लागल्या. सुनेला हात लावू देत नसत.

नववा महिना लागला. एके दिवशी सकाळीच साहेबराव पंचशीलाला रिक्षातून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. दुपारी टँकर आला. चुकला असता तर पुन्हा आठवडा. चतुराबाई माझ्यावर भार टाकत रांगेत आल्या. कुणी विचारलं, तर "अजून काई न्हाई" एवढंच. रांग सरकत राहिली, तरी त्यांनी माझी मूठ सोडली नाही.

घागरी भरत असतानाच कोपऱ्यावरून साहेबराव येताना दिसला. ऊन डोळ्यांवर होतं, त्याचा चेहरा दिसेना. 

"आई, पोरगी झाली."

"अन् पंचशीला?"

"बरी हाय. बोलली. च्या मागितला."

चतुराबाईंनी डोळे पुसले नाहीत. माझ्यावरच्या दोन घागरींकडे पाहत त्या म्हणाल्या, "आता पाणी लई लागंल."

बसम्माने स्वतःची भरलेली घागर उचलली आणि दोन्हींच्या मध्ये, तिसरी, माझ्यावर ठेवली. आस वाकला. मी चालले.

तो वाकलेला आस अजून तसाच आहे. डावं चाक सांगाड्याला घासतं. बाळ घरी आलंय, अंगणातल्या दोरीवर दुपटी वाळताहेत आणि आभाळ कोरडंच आहे. पुन्हा हिरवळीवर न्या, असं मी म्हणत नाही. एवढंच मागणं आहे. एक दिवस मी मोडेन, हे मला ठाऊक आहे. मोडायचंच असेल, तर रिकामी जाताना मोडू दे. पाणी घेऊन येताना नको.