निळीचे थेंब

मंजुषाताईंनी बादलीत निळीचे आणखी चार थेंब टाकले, शर्ट बुडवला, पिळला आणि झटकून दोरीवर टाकला. शेजारच्या शीलाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "वहिनी, साहेबांचे शर्ट आभाळातूनच आणता काय?"

मंजुषाताई हसल्या. काय करणार? यज्ञेश्वररावांना रोज शर्ट पिवळा वाटे आणि त्या रोज निळीचा हात सैल सोडत.

यज्ञेश्वरराव आत संगणकासमोर बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. एका संकेतस्थळावर जगभरातले लोक आपली छायाचित्रं ठेवत आणि त्यांच्यासारखे हौशी परीक्षक ती तपासत. फोकस, उजेड, रंग, सगळं कसोटीला उतरलं तर चित्राला 'दर्जेदार' असा शिक्का मिळे. पैसा कुणालाच नाही. पण यवतमाळच्या या गृहस्थांनी पसंत केलं, याला तिथे मान होता. नापसंत केलं तरी ते कारण लिहीत, आणि नवख्यांना फोनवरून शिकवतही.

झरी जामणीची प्रियंका अशीच शिकली. ती वनरक्षक. गस्तीवर असताना पाखरांचे फोटो काढी आणि चुकलं कुठं ते काकांना विचारी.

त्या दुपारी तिचा फोन आला, पण मंजुषाताईंना.

"काकू, काका माह्यावर नाराज हायेत काय?"

"काहून गं?"

"माहा एकबी फोटो पास नाही करून राह्यले. बगळ्याचा टाकला, त म्हणे पिवळा हाय, पिसं पुसट हायेत. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं त मी भांडली असती. पन ज्यानं शिकवलं त्यालेच नाही पटत, त कायले टाकू? हा शेवटचा होता, काकू."

फोन ठेवून मंजुषाताई आत गेल्या. बगळ्याचा फोटो दाखवा म्हणाल्या. यज्ञेश्वररावांना नवल वाटलं, पण त्यांनी तो उघडला. म्हशीच्या पाठीवर बगळा उभा होता, दुधासारखा. मानेवरचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं. खाली यज्ञेश्वररावांचा शेरा होता: पांढऱ्यावर पिवळी झाक, तपशील विरलेला, नापसंत.

"पोरगी चांगली होती," ते म्हणाले. "आता घाई करते. सगळेच करून राहिले. रंगाची कोणाला फिकीरच नाही."

मंजुषाताई अंगणात गेल्या. दोरीवरचा शर्ट काढून आणला आणि पडद्याशेजारी धरला.

"यातलं पांढरं कोणतं?"

"दोन्ही पिवळे. नीळ कमी घालतेस तू अलीकडे."

त्यांना हसू आलं नाही. शर्ट तसाच धरून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा निळा आहे."

यज्ञेश्वररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. पडद्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. मग बायकोच्या तोंडाकडे. ती थट्टा करत नव्हती.

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून. तुम्ही पिवळा म्हणायचे, मी नीळ घालायची. विचारायला पाहिजे होतं मी."

त्यांनी शर्ट आपल्या हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे उन्हाळ्यापासून मी ज्यांना ज्यांना नापसंत केलं..." आणि संगणक बंद केला.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पिकत आलेला. आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं. तोवर यज्ञेश्वररावांनी संगणकाला हात लावला नाही. जेवताना एकदाच म्हणाले, आपलं काम एवढंच होतं, नीट पाहण्याचं.

डोळा बरा होऊन डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या सकाळी ते आंघोळ करून थेट संगणकापाशी बसले. बगळा उघडला. उजवा डोळा मिटला, डावा मिटला, पुन्हा उजवा. मग आपल्याच शेऱ्यावर काट मारून खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: दोष चित्रात नव्हता, माझ्या डोळ्यात होता. पसंत. त्यानंतर उन्हाळ्यापासूनची एकेक चित्र काढून बसले. काही खरंच वाईट होती. ती त्यांनी तशीच ठेवली.

प्रियंकेला त्यांनी स्वतः फोन लावला. काय बोलले ते मंजुषाताईंना ऐकू आलं नाही. संध्याकाळी तिचा नवा फोटो आला, रानातल्या नाल्यावरचा खंड्या. यज्ञेश्वररावांनी तो डोळाभर पाहिला आणि लिहिलं: फोकस चोचीवर नाही, शेपटीवर आहे. नापसंत.

लगेच उत्तर आलं: "हाव काका. उद्या पुन्हा जातो."

मंजुषाताई चहा घेऊन आल्या, तेव्हा ते अंगातल्या शर्टाची बाही उजेडात धरून बघत होते.

"हे घालून मी लोकांच्या लग्नाला गेलो? बँकेत गेलो?"

"रुबाबात गेले."

ते हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ऑपरेशनच्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं पाहत राहिले. चहावर साय धरू लागली.

"काय बघता एवढं?"

"या डोळ्याला तू अजून हळद लागल्यासारखी दिसतेस."

मंजुषाताईंनी पदर उगाचच सारखा केला. "दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारून राहिले होते दवाखान्यातून," त्या म्हणाल्या. "काय सांगू?"

"घेऊ," ते म्हणाले. तळवा तसाच होता. "घाई काय आहे?"