आधी नौदल, मग आपण

आमच्या कंपनीचं इंटरनेट ज्या लहरींवर चालतं, त्या मुळात नौदलाच्या. ते वापरत नसतील तेव्हाच आम्ही वापरायच्या. जहाजाचं रडार जवळ आलं की आमचे मनोरे निमूट गप्प होतात. जहाज गेलं की इंटरनेटवरून परवानगी मागतात आणि मिळाली की बोलू लागतात. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर इतकं सभ्य दुसरं कोणी नाही.

त्या दिवशी धुक्यामुळे फेरीबोट बंद होती आणि मी हॅडली बेटावर अडकलो होतो. शाळेच्या खोलीत बेटावरच राहणारी रोंडा लॅपटॉपसमोर बसली होती. तिच्या मुलीचा, रेनचा, ताबा कोणाकडे जाणार याची सुनावणी चालू होती. नवऱ्याच्या वकिलाचा मुद्दा एकच होता: बेट जगापासून तुटलेलं आहे. तो हे सांगत असतानाच पडदा गोठला.

"घ्या, पुरावाही दिला," रोंडा म्हणाली.

माझ्या खिशातल्या, होडीवरच्या वायरलेसवर कंपनीतली माझी भागीदार कोरिन आली. ती पलीकडे, मुख्य किनाऱ्यावर.

"जहाज होतं, डेल. गेलं आता. इकडचा मनोरा सुरू झाला, तुझा का मुका? कोर्टाला फोन केलाय मी. न्यायाधीशबाई पाव तास थांबतील, मग समोर जे असतील त्यांचं ऐकून निकाल."

मी खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिलं. लाल दिवा.

"कोरिन, तो परवानगी इंटरनेटवरून मागतो ना?"

"हो."

"आणि बेटावर इंटरनेट कुठून येतं?"

"त्याच्यातूनच," ती म्हणाली. "कोणी जोडलं हे?"

"आपणच. नंतर केक कापला होता."

दारात झिंगे पकडणारा एल्वुड उभा होता. "म्हणजे बोलू का हे विचारायलाही तोंड उघडायची बंदी. माझा संसार असाच चालला."

बेटावर मोबाइल लागतो तो फक्त मनोऱ्याच्या टोकावर, तोही जेमतेम. परवानगी मागण्यापुरता, त्यात व्हिडिओवरचा चेहरा मावत नाही.

"तूच चढ ना वर, फोनवर बोल," एल्वुड रोंडाला म्हणाला.

"खांबाला लटकून सांगू, की माझं घर सुरक्षित आहे?"

मी चढलो. पायऱ्या ओल्या, खाली नुसतं पांढरं. टोकाला पट्टा अडकवला, फोन मनोऱ्याच्या यंत्राला जोडला. यंत्राने विचारलं. उत्तर येईना. फोन वर धरला, आणखी वर धरला, मनोरा वाऱ्याने डुलला. मग दिवा हिरवा झाला.

खालून आपल्या वायरलेसवर एल्वुड धावतं वर्णन देऊ लागला. "बाई दिसल्या. विचारतायत, कुठे गेला होतात."

"रोंडा काय म्हणाली?"

"म्हणाली, नौदलाला वाट देत होतो, आमच्याकडे तशी रीत आहे." मग तो पुढचं सांगू लागला. "वकील हसला. बाई नाही हसल्या."

फोन धरलेला माझा हात बधिर झाला होता. काढायची हिंमत होत नव्हती.

"रेन आईकडेच," एल्वुड म्हणाला. "शाळेचं वर्ष संपेपर्यंत. मग पुन्हा सुनावणी. रोंडा उठून आभार मानते आहे."

तेवढ्यात दिवा लाल झाला.

"डेल, दुसरं जहाज," कोरिन म्हणाली.

"आभार पोचले नाहीत रे," एल्वुड म्हणाला. "तू तिथेच थांब."