उकडलेलं भूत

भुतं उतरवणाऱ्या सियान-कूने अंडं वाडग्याच्या काठावर आपटलं, आणि शेडमध्ये कालवं सोलणाऱ्या बायका किंचाळत मागे सरकल्या. बलकात काळ्या केसांचा पुंजका!

"बघा! समुद्रात बुडून मेलेलीचे केस! पोरीच्या पोटात बिऱ्हाड थाटलंय तिनं," सियान-कू डोळे गरागरा फिरवत म्हणाली. "सात अंड्यांत हाकलते. तोवर दवाखान्याची पायरी चढलात, तर भूत चवताळेल!"

आमाने, म्हणजे पेइ-चिनच्या आजीने, भक्तिभावाने हात जोडले. पेइ-चिनला मात्र वाटलं, बाई बुडाली समुद्रात, मग तिचे केस कोंबडीच्या अंड्यात कसे गेले?

पेइ-चिन तेरा वर्षांची होती, पण अनोळखी माणूस विचारायचा, "बाळ, तिसरीत का?" दोन घास पोटात गेले की कळ यायची. तोंड सारखं यायचं, गुडघे दुखायचे, वर्गातून दिवसाला चारदा संडासाकडे पळावं लागायचं. शाळेच्या परिचारिका च्वो बाईंनी उंचीचा तक्ता आमासमोर धरला होता. "आजी, दोन वर्षांत ही एक सेंटिमीटर वाढलीय. वजन तर घटलंय. आतड्याचा आजार असू शकतो. मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवा."

"आधी सात अंडी होऊ द्या," आमा म्हणाली होती.

चौथ्या अंड्याच्या दिवशी सियान-कू स्वयंपाकघरात कालवांच्या आम्लेटवर तुटून पडली होती. तिची अंड्यांची टोपली देव्हाऱ्यापाशी एकटीच. पेइ-चिनने एक अंडं तांबड्या दिव्यासमोर धरलं. आत काळी सावली, बुडाशी मेणाचा टिपका! तिने टोपलीतली चारही अंडी खिशात घातली आणि सकाळीच उकडून ठेवलेली चार त्या जागी मांडली.

थोड्याच वेळात शेड पुन्हा गच्च भरली. सियान-कूने मंत्र पुटपुटत अंडं पेइ-चिनच्या पोटावरून फिरवलं आणि आपटलं.

ठक्.

पुन्हा आपटलं. कवच उडालं आणि पांढराशुभ्र गोळा टुणकन उडून शेजारच्या आ-किमच्या मांडीवर पडला.

"अगं बाई, भूत उकडलं की काय!" आ-किम ओरडली.

सियान-कू क्षणभरच गडबडली. "भुताच्या संतापाची धग ही! अंडं हातातल्या हातात शिजलं!"

"मग मीठही भुतानंच घातलं का?" पेइ-चिनने विचारलं. "मी तर पाण्यात चिमूटभर टाकलं होतं."

शेडमध्ये हास्याचा स्फोट झाला. पेइ-चिनने खिशातलं अंडं काढून सगळ्यांना मेणाचा टिपका दाखवला, नखाने खरवडला. खाली सुईचं भोक. "इथून केस कोंबायचे, वर मेण लावायचं. झाली बुडालेली बाई तयार!" तिने अंडं फोडलं. केसांचा पुंजका वाडग्यात पडला.

सियान-कूने टोपली उचलली आणि वहाणा तिथेच टाकून पळ काढला. आमा मात्र हसली नाही. तिने खाली बसून पेइ-चिनला जवळ ओढलं.

"पोरी, मग तुला होतंय तरी काय?"

पेइ-चिनचा सगळा खट्याळपणा एकदम ओसरला. ती आमाच्या कानाशी वाकली. "आमा, संडासाच्या जागी जखम आहे. कितीतरी महिने. लाज वाटली म्हणून बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने दोघी शहरातल्या इस्पितळात गेल्या. रक्त तपासलं, मग दुर्बिणीने आतडं पाहिलं. क्रोन्स नावाचा आजार निघाला. आतड्याला जागोजागी सूज, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आठ आठवडे जेवण बंद, फक्त सगळं पोषण देणारं औषधी पेय, पुढे गोळ्या. "हा आजार पुरता जात नाही, पण आवरता येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या आजारात अशी जखम होते, ती फार मोलाची खूण होती. आधी कळली असती तर उपचार लवकर सुरू झाले असते."

वर्ष सरताना पेइ-चिन पाच सेंटिमीटर वाढली. शेडमध्ये आमा आता भेटेल त्या बाईला एकच सांगते, "पोरगं वाढत नाही, वाळतंय, पोट धरून बसतंय, तर अंडी फोडत बसू नका गं. त्याला जवळ घ्या, कुठं दुखतंय ते विचारा, आणि डॉक्टरकडे न्या. मी तीन अंडी वाया घालवली. तेवढे दिवस माझी नात नुसती सोसत होती."