दुपारीच बंद पडणारा लॅपटॉप

समीक्षाच्या वहीत सहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या होत्या, आणि अकराही दुपारच्या. लॅपटॉप चालता चालता गोठायचा. माऊस हलायचा नाही, कीबोर्ड मुका व्हायचा, आणि कॅप्स लॉकचा दिवा तेवढा मिचमिच करत राहायचा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळला की दिवा असा मिचकावतो हे तिला ठाऊक होतं. तो का कोसळतो, हे मात्र कळत नव्हतं.

२००७चा मे महिना होता. वर्ध्याजवळच्या नालवाडीत पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या समीक्षाने विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवून त्यांचे आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला होता. सेलूच्या एका पाणलोट संस्थेचे बाबाराव तो शनिवारी बघणार होते. पटला, तर चाळीस विहिरींचं वर्षभराचं काम तिला मिळणार होतं. "मधीच बंद पडणारं मशीन आपल्याले जमत नाई," हे त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं.

"काऊन वं, गेलं का पुन्हा?" दुकानातून जेवायला आलेल्या धनंजयने, तिच्या मोठ्या भावाने, चपला काढता काढता विचारलं.

"गेलं."

"ऊन लागलं त्याले. खिशात कांदा ठेव त्याच्या."

"त्याले खिसा नाई."

"मंग ते लिनक्स काढून टाक. फुकटचं हाय, फुकटासारखंच चालते."

"तिले काऊन तरास देऊन राह्यला?" त्यांची आई, रुख्माबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या. "समी, आज आणखी पुढं सरकव ते मशीन. एकदम कूलरच्या तोंडाशी ठेव."

वर्ध्याकडे मे महिन्यात पंखा, मोटरसायकल, माणूस, जे काही बंद पडेल ते उन्हानेच, यावर कुणाचं दुमत नसतं. समीक्षाचंही नव्हतं. मागच्या खोलीतल्या टेबलावर ती सकाळी काम करायची आणि ऊन चढलं की लॅपटॉप उचलून बैठकीत कूलरपुढे आणायची. तरी तो कोसळे. म्हणजे गारवा अजून कमी पडतोय, असं धरून ती त्याला आणखी पुढे सरकवायची.

गुरुवारी दुपारी तिने वही पहिल्या पानापासून वाचली, जणू दुसऱ्याच कुणाची असावी अशी. कूलरपुढे थर्मामीटर तेहतीस दाखवत होता. मागच्या खोलीत सकाळी अकरालाच अडतीस होत असे, आणि तिथे लॅपटॉप एकदाही कोसळला नव्हता. आकडे तिनेच लिहिले होते. पण उत्तर आधीच ठरलेलं असल्यामुळे ते तिला दिसले नव्हते.

मरताना कर्नल काहीतरी सांगत असतो, पण स्क्रीनवरच्या खिडक्या आणि चित्रांच्या पडद्यामागे ते दबून जातं. म्हणून तिने तो पडदा बंद केला आणि काळ्या स्क्रीनवर नुसत्या अक्षरांत प्रोग्राम चालू ठेवून ती समोर बसून राहिली. बाविसाव्या मिनिटाला ओळींवर ओळी सांडल्या आणि दिवा मिचकावू लागला. साठवून ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिने सगळं हाताने उतरवून घेतलं. प्रत्येक आकडा दोनदा ताडून पाहिला. शेवटच्या चारही ओळींत एकाच मॉड्यूलचं, म्हणजे कर्नलला जोडलेल्या एका भागाचं, नाव होतं. ते होतं बिनतारी इंटरनेट चालवणाऱ्या, वायरलेसच्या ड्रायव्हरचं, आणि त्यात जो भाग फसला होता तो वीज वाचवण्याचा.

घरात वायरलेस होतंच कुठे? तरी लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर आपोआप कर्नलमध्ये चढून बसत होता. ते ठीक. पण त्याला वीज वाचवायची गरज केव्हा पडते?

बॅटरीवर.

तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. बैठकीत एकच सॉकेट होतं, आणि उन्हाळाभर ते कूलरचं. इतकं कूलरचं, की त्यात दुसरं काही लावावं असं घरात कुणाच्या मनातही येत नसे. म्हणजे मागच्या खोलीत लॅपटॉप चार्जरवर चालायचा आणि बैठकीत बॅटरीवर. वहीत तारीख, वेळ, खोली, तापमान सगळं होतं. चार्जर लावलेला होता की नाही, हे कुठेच नव्हतं. लोडशेडिंगमध्ये ती लॅपटॉप बंदच ठेवायची, त्यामुळे तेही कधी उघडं पडलं नव्हतं. लॅपटॉप वाचावा म्हणून ती रोज ज्या जागी नेत होती, तिथेच तो मरत होता.

शुक्रवारी भर दुपारी ती चार्जर लावून मागच्या खोलीत बसली.

"भट्टीत काऊन बसली वं?" आईने दारातून विचारलं.

"पाहून राह्यली, ऊन त्याले लागते का मले."

अडीच तास लॅपटॉप चालला. ती घामाने निथळत होती, तो नाही. मग तिने चार्जर उपटला. एकोणिसाव्या मिनिटाला दिवा मिचकावू लागला, तेव्हा ती इतकी हसली की आई पुन्हा पाहायला आली. त्या मॉड्यूलला कर्नलमध्ये यायचीच मनाई करून तिने लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि परत बॅटरीवर टाकला. बॅटरी संपेपर्यंत तो चालला. तापमान, जागा, यंत्र सगळं तेच, बदललं होतं एकच.

शनिवारी सेलूला अर्धं दाखवून झालं आणि लाइन गेली. पंखा थांबला. बाबाराव पडद्याकडे पाहत होते, समीक्षा कॅप्स लॉकच्या दिव्याकडे. आलेख पुढे सरकत राहिला. वीस मिनिटं, तीस मिनिटं, चाळीस.

"लाइन गेली तरी चालून राह्यलं," बाबाराव म्हणाले. "चांगलं मशीन हाय तुमचं."

मान हलवली असती तरी भागलं असतं.

"कालपर्यंत चालत नव्हतं, काका," ती म्हणाली, आणि कूलर, सॉकेट, ड्रायव्हर सगळं सांगितलं. "त्याचं वायरलेस मी बंद ठेवलं आहे. दुरुस्त ड्रायव्हर येईस्तोवर इंटरनेट वायरनेच जोडावं लागंल."

बाबाराव उठून कपाटापाशी गेले. मग म्हणाले, "नागपूरचे दोघं याच कामासाठी येऊन गेले मंगळवारी. त्यायच्या मशीनमधी एकही खोट नाई म्हणे." त्यांनी कपाटातून गावांची यादी काढली. "विहिरीपाशी वायरलेसचं काय काम हाय आपलं?"

"काहीच नाई."

"मंग कोणत्या गावापासून सुरू करता?"