सुनेच्या जागी बसलेलं बुजगावणं

मी एक बुजगावणं बोलतोय. बोलतोय असं म्हणतो खरं, पण मडक्याच्या तोंडातून आलेल्या शब्दांवर कोणी किती विश्वास ठेवावा, याची मलाच शंका आहे.

आर्वीजवळच्या एका खेड्यात रूपरावांनी मला घरालगतच्या तुरीत उभं केलं. बांबूचा सांगाडा, तणसाचं पोट, वर मडकं आणि अंगात त्यांचाच जुना शर्ट-पॅन्ट. पाखरं मला किती घाबरली ते विचारू नका. माझ्या खांद्यावर बसूनच ती शेंगा फोडत.

तिथं सुकांती निंदण करायची. ती ओडिशाची. कापसाच्या जिनिंगमध्ये काम देतो म्हणून एका दलालानं तिला आणलं आणि रूपरावांना बायको म्हणून विकलं. घरात तिला जया म्हणत. तिचा चेहरा दिसला, तिची बोली कळली तर गावाला संशय येईल, म्हणून हुकूम होता: पदर हनुवटीपर्यंत, आणि तोंडातून शब्द नाही. रूपरावांची आई आनंदाबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून पहारा द्यायची.

एका दुपारी आनंदाबाईंचा डोळा लागला. सुकांती माझ्याजवळ आली.

"भैया, थोड़ी देर मेरी जगह बैठ जाओ."

तिनं माझे कपडे घातले, मला तिची साडी नेसवली, घरात नेऊन चुलीपुढे बसवून पदर खाली ओढला. तेवढ्यात रूपरावांची मोटरसायकल वाजली. ती पळत शेतात गेली आणि हात पसरून उभी राहिली. पदराच्या विरळ कापडातून मला सगळं दिसत होतं. रूपराव तिच्या शेजारून आत आले. त्यांची पाठ फिरताच शेतातलं बुजगावणं डांबरी रस्त्याकडे चालू लागलं.

"जया, चहा मांड," रूपराव म्हणाले.

मी गप्प.

"काऊन वं, आइकू नाई येत?" जाग आलेल्या आनंदाबाई आत येत म्हणाल्या.

मी गप्पच. शेवटी त्यांनीच चहा केला आणि एक कप माझ्यापुढे आदळला.

संध्याकाळी शेजारच्या सुलोचनाबाई डोकावल्या. "सून मोठी गुणाची हाये हो तुमची. एका शब्दानं बोलत नाई."

"वळण लावा लागते, बाई," आनंदाबाई म्हणाल्या.

खरं सांगतो, मला जरा अभिमान वाटला. मग फार लाज वाटली.

सुकांतीनं ठाणं गाठलं होतं; दुसऱ्या दिवशी पोलीस आले. महिला हवालदार रक्षाताईंनी मुद्दामच विचारलं, "ओडिशाची मुलगी कुठे आहे?"

"ते काय, चुलीजवळ बसून राह्यली," आनंदाबाई म्हणाल्या. "सुखात हाये. इचारा तिले."

"नाव काय बाई तुझं?"

"लाजते ते," रूपराव म्हणाले.

रक्षाताईंनी पदर वर केला. मडकं, त्यावर कोळशाचे डोळे.

आनंदाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "हेच तोंड होतं का रे, रूपराव?"

रूपरावांनी वाकून नीट पाहिलं. "असंन."

आता मी ठाण्याच्या कोपऱ्यात मुद्देमाल म्हणून बसलो आहे. सुकांती जबाब द्यायला आली होती. साहेबांनी नाव विचारलं, तर तिनं ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेरचे लोक वळून पाहू लागले. उद्या ती गावी निघते.

माझी साक्ष कोर्टात चालेल असं वाटत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या घरात कधीच न बोलणारी सून दिसली, तर तिच्याजवळ जाऊन बसा, तिचं नाव तिलाच विचारा. आणि पदराआड माझ्यासारखं कोणी निघालं, तर लगेच ओरडू नका. खऱ्या सुनेला आधी एसटी डेपो गाठू द्या.