नजीर अहमदच्या नावानं

बारिसालच्या कोर्टात तोफेल सारंगाला सांगितलं, तुझ्या बचावाचं काय ते बोल. तो एकच वाक्य बोलला.

"हुजूर, आधी ह्या माणसाला त्याचं नाव विचारा."

बोट त्यानं माझ्या सारंगाकडं, म्हणजे आमच्या आगबोटीच्या कप्तानाकडं, केलं होतं. मी कब्बाद अली, तिच्यावरचाच सुकाणी, मागं उभा होतो.

भांडण नावाचं नव्हतंच मुळी. पौषातल्या एका सकाळी मेघनेवर असं धुकं उतरलं की सुकाणूवरचे स्वतःचे हात मला दिसेनात. चाचांनी, म्हणजे आमच्या सारंगांनी, तिथंच चराच्या, नदीतल्या वाळूच्या बेटाच्या, कडेला नांगर टाकायला लावला. धुक्यात नांगरलेल्या बोटीनं घंटा वाजवत राहायची, हा सरकारी कायदा. मी वाजवत राहिलो. उतारू शिव्या घालत होते. एक पानवाला म्हणाला, "सारंगमियाँ, घरी बायको नाही वाटतं, म्हणून घाई नाही!" चाचा हसलेसुद्धा नाहीत.

तोफेलची बोट आमच्या मालकाच्या विरोधी कंपनीची. जो आधी घाटाला लागेल त्याला उतारू, असा दोघांचा हट्ट. तो धुक्यातून भोंगा न वाजवता पूर्ण वेगानं आला आणि आमच्या डाव्या कुशीत घुसला. सात माणसं गेली. तो पानवालाही गेला.

चौकशी बसली. मॅजिस्ट्रेट साहेब, शेजारी बोटी तपासणारा हॅडो साहेब, खाली दुभाषा. तोफेलनं आधीच लिहून दिलं होतं की आमची बोट चालत होती आणि घंटा वाजलीच नाही. आमच्याकडून चाचांनी सगळं नीट सांगितलं होतं. हॅडो साहेब मान डोलवत होता. तोफेल बुडणार हे दिसत होतं. म्हणून त्यानं हे काढलं.

साहेबानं टेबलावरचा चाचांचा सारंगाचा दाखला उचलला. "नाव?"

"नजीर अहमद," चाचा म्हणाले.

साहेबानं मला पुढं बोलावलं. "हा कोण?"

"नजीर अहमद सारंग, हुजूर," मी कुराणावर हात ठेवून म्हणालो.

खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. नजीर अहमद हा चाचांचा थोरला भाऊ. सारंगाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला. कार्तिकातल्या वादळात घरी येताना त्याची होडी उलटली आणि प्रेतही हाती लागलं नाही. चाचांचं खरं नाव एजाहार. बारा वर्षं सुकाणी, नदी पाण्याच्या रंगावरून ओळखणारा माणूस. पण परीक्षेत दोनदा नापास. समोरून येणाऱ्या बोटीला कुठली बाजू द्यायची ते त्यांना रोज कळायचं, पण ते साहेबाच्या पुस्तकातल्या शब्दांत, हिंदुस्थानीत सांगायचं होतं. तिथं त्यांची जीभ अडली. वर परीक्षक म्हणाला होता, "ह्याला मासे पकडायला पाठवा."

भाऊ गेला तेव्हा घरात म्हातारी आई, भावजय छमिरन, तिची दोन पोरं. दाखला पत्र्याच्या पेटीत पडलेला. त्यावर लिहिलेलं, उंची अमुक, डाव्या भुवईवर जुना व्रण. चाचांनी वस्तऱ्यानं स्वतःची भुवई चिरली. महिन्याभरात भरली. मग नव्या मालकाकडं, नव्या घाटावर ते नजीर अहमद म्हणून उभे राहिले. मालक साहाबाबूला ठाऊक होतं, आम्हा खलाशांना ठाऊक होतं. अशा सारंगाला पगार कमी दिला तरी तो तोंड उघडत नाही, हेही साहाबाबूला ठाऊक होतं. अकरा वर्षं त्या बोटीला ओरखडा आला नाही.

साहेबानं दाखला खाली ठेवला. "गावाहून ह्याची बायको आणा. आठ दिवसांत."

दुसऱ्याच दिवशी साहाबाबूनं मला चाचांच्या गावी, संद्वीपला धाडलं. "बाईला सांग, एक 'हो' म्हणायचं आहे. एवढंच."

छमिरनचाची अंगणात सुपारी कातरत होत्या. अंगावर लाल काठाची साडी, हातात बांगड्या, नाकात नथनी. मी निरोप सांगितला. अडकित्ता थांबला नाही.

"म्हणजे मी कोर्टात उभं राहून दिराला नवरा म्हणायचं?"

"फक्त कागदापुरतं, चाची."

"कागदापुरतं!" त्यांनी मान वर केली. "अकरा वर्षं कागदापुरतंच चाललंय की. माझा माणूस गेला त्या आठवड्यात सासूनं मला नवी साडी नेसवली. रडायचं असेल तर गोठ्यात जाऊन रड म्हणाली, घाटावर चार लोक बघतात. चाळिसाव्या दिवसाचं जेवण घातलं नाही. फातिहा दिली नाही. पोरांनी बापाचं नाव घेतलं की तोंडावर हात. तो बाहेर सारंग म्हणून सलाम घेत फिरतो आणि मी इथं बांगड्या घालून बसते, मेलेल्याची सवाष्ण! तुला कळतंय का काही?"

"चाचांनी घर चालवलं ना."

"चालवलं. म्हणून तर मी त्याच्या भातात विष घातलं नाही."

त्या येणार नाहीत असंच मला वाटलं, पण पहाटे त्या बोचकं घेऊन होडीत येऊन बसल्या. वाटेत दीड दिवस त्यांनी चाचांचं नाव काढलं नाही. एकदाच विचारलं, "घंटा खरंच वाजत होती?"

"माझा खांदा अजून दुखतोय, चाची. टक्कर झाली तेव्हाही दोरी माझ्या हातात होती."

"शपथ?"

मी मेलेल्या आईची शपथ घेतली. त्यांनी तोंड फिरवलं.

कोर्टाच्या दिवशी बाहेर झाडाखाली चाचा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "भाबी, तुमच्या पोरांचा विचार करा."

त्या त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत मला म्हणाल्या, "कब्बाद, ह्यांना सांग, सरकून उभे राहा. वारा अडतो."

मग त्या बोचकं घेऊन शेजारच्या एका घरात गेल्या. पुकारा झाला तेव्हा बाहेर आल्या त्या पांढऱ्या साडीत. हात मोकळे. नाकात नथनी नाही. कोर्टात कुजबुज झाली आणि तोफेलनं मिशीवरून हात फिरवला. चाचांनी डोळे मिटून घेतले. विचारायचं काही उरलंच नव्हतं, पण साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं.

"हा तुझा नवरा का?"

"माझा नवरा अकरा वर्षांपूर्वी मेघनेत बुडाला. हा त्याचा भाऊ, एजाहार."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस?"

"कुणी विचारलं नाही."

साहेब लिहू लागला. त्यांना जायची खूण केली, पण त्या हलल्या नाहीत. कठडा धरून म्हणाल्या, "आणखी एक लिहा. हा नावाचं खोटं बोलला, घंटेचं नाही. घंटा वाजत होती. माझं ह्याच्याशी पटत नाही, अकरा वर्षांत मी ह्याला पाण्याचा पेला हातानं दिला नाही. तरी सांगते, तेही लिहा."

"तू बोटीवर होतीस का?" हॅडो साहेबानं विचारलं.

"नाही."

"मग बस झालं."

साहेबानं ते लिहिलं नाही. मी त्याच्या टाकाकडं बघत होतो. टाक दौतीत गेला आणि तिथंच थांबला.

निकालाला फार वेळ लागला नाही. दाखला नसलेल्या माणसानं बोट चालवली, सबब नांगराचं आणि घंटेचं त्यानं सांगितलेलं विश्वासार्ह नाही. एजाहारला सहा महिने सक्तमजुरी. तोफेलला तीन महिने दाखला बंद, आणि धुक्यात सावधपणे चालवण्याची ताकीद. साहाबाबूला काही नाही. त्यानं सांगितलं की मला फसवलं गेलं, आणि रुमालानं डोळे पुसले. मला खोट्या शपथेबद्दल साहेबानं झापलं. साहाबाबूनं त्याच संध्याकाळी काढून टाकलं. जाताना हॅडो साहेब जिन्यात चाचांच्या शेजारून गेला आणि दुभाष्याला म्हणाला, "ह्याला सांग, घंटा मी मानली होती." दुभाष्यानं सांगितलं. बेड्या घातलेले चाचा म्हणाले, "मग आत का नाही बोललास, हरामखोरा?" हे मात्र दुभाष्यानं पुढं सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी मी चाचांना आणायला तुरुंगाच्या दाराशी गेलो. वाळले होते. गावाकडं जाताना त्यांनी येणाऱ्या एकाही आगबोटीकडं मान वळवली नाही. घरी अंगणात छमिरनचाची उभ्या होत्या, तशाच पांढऱ्यात. मला वाटलं आता दोघं काहीतरी बोलतील, भांडतील तरी.

"शुक्रवारी माझ्या माणसाची फातिहा आहे," त्या मला म्हणाल्या, चाचा समोर असून. "ह्यांना सांग, दोन बकरे लागतील. आणि गावात स्वतः फिरून आवतण द्यायचं, भावाच्या नावानं."

चाचांनी आपलं जाळं आणि होडी विकून बकरे आणले. घरोघर जाऊन म्हणाले, "नजीर अहमद मेला. शुक्रवारी या." अकरा वर्षांनी! पोरं हसायची, म्हातारे दाढीत बोटं घालून बघायचे. चाचा तेच वाक्य पुढच्या दारात म्हणायचे.

शुक्रवारी अंगण भरलं. मौलवींनी दुआ मागितली. पंगत बसली तेव्हा तोफेलही आला होता, पलीकडच्या गावचाच तो. खुशाल मांडी घालून बसला. यजमान म्हणून चाचा बदना, तोटीचा लोटा, घेऊन सगळ्यांच्या हातावर पाणी घालत होते. तोफेलपाशी आले आणि थांबले. सगळी पंगत थांबली.

तोफेल हात पुढं करून म्हणाला, "झालं गेलं, एजाहार. माझ्या जागी तू असतास तर तूही तेच केलं असतंस."

चाचांनी त्याच्या हातावर पाणी घातलं. दोन्ही हात धुवून दिले, कोपरापर्यंत, सावकाश.

"पोटभर जेव," ते म्हणाले. "आज तू भावाचा पाहुणा आहेस. उद्या नदीवर भेटशील, तेव्हा मी कुणाच्या नावानं भेटणार नाही. आणि माझ्याकडं आता रद्द व्हायला कागद नाही, तोफेल. तुझ्याकडं आहे."

तोफेलनं घास उचलला तो तोंडापर्यंत गेला नाही. न जेवता उठला. कुणी त्याला बस म्हणालं नाही. त्या पावसाळ्यात त्यानं आमच्या बाजूची फेरी सोडून खुलन्याकडची घेतली.

चाचा पुढं दुसऱ्यांच्या होड्या डागडुजी करून जगले. वीस वर्षं एकाच अंगणात दोन चुली पेटल्या. छमिरनचाचींनी त्यांच्याशी शेवटपर्यंत थेट शब्द टाकला नाही. जे सांगायचं ते पोराला, सुनेला, शेळीला सांगत. चाचांचंही उत्तर शेळीलाच जाई.